एनसी क्लोज झाली, चूक तशीच राहिली: करेक्शन आणि करेक्टिव्ह अ‍ॅक्शन

अंतर्गत ऑडिटमध्ये एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ठरलेल्या नियमात न बसणारी गोष्ट) निघाली की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं: ‘चूक दुरुस्त केली, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं.’ ऑडिटर सही करतो, एनसी क्लोज होते आणि पुढच्या ऑडिटला तीच पुन्हा निघते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम १०.२ दोन वेगळ्या गोष्टी मागतं. सापडलेली चूक निस्तरणं हे करेक्शन. ती ज्यामुळे झाली ते कारणच काढून टाकणं ही करेक्टिव्ह अ‍ॅक्शन.

एखाद्या मशीन शॉपमध्ये कॅलिब्रेशनची (अचूकता तपासून घेण्याची) मुदत संपलेला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घेण्याचं उपकरण, वापरात सापडला, असं धरू. तो बाजूला काढून कॅलिब्रेशनला पाठवणं हे करेक्शन झालं, पण पुरतं नाही. तो चुकीचं माप दाखवत होता असं निघालं, तर त्याने तपासून पास केलेल्या मालाचं काय? कलम ७.१.५.२ नुसार हे पाहावंच लागतं, आणि इथेच बरेच जण हात आखडता घेतात.

आता कारण. ‘ऑपरेटरने मुदतीचं स्टिकर पाहिलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. टोयोटात ताइइची ओनो यांनी रुजवलेली, पुन्हा पुन्हा ‘का?’ विचारण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. खोदत गेल्यावर कळतं की मायक्रोमीटर घाईत खरेदी झाला, स्टोअरमधून थेट लाइनवर गेला आणि क्वालिटीच्या यादीत चढलाच नाही. मग मुदतीची आठवण होणार कोणाला? उपाय स्टोअरमध्ये आहे: यादीत नोंद होऊन नंबर पडल्याशिवाय कोणतंही उपकरण बाहेर द्यायचं नाही. असेच बिननोंदीचे गेज आणखी कुठे आहेत का, हेही शोधायचं. तेही याच कलमात येतं.

कामाची पद्धतच माहीत नसेल तिथे ट्रेनिंग हाच खरा उपाय असतो. इथे मात्र त्या ऑपरेटरला कितीही शिकवलं तरी पुढचा मायक्रोमीटर यादीबाहेरच राहील.

प्रत्येक एनसीला करेक्टिव्ह अ‍ॅक्शन लागतेच असंही नाही. ती गरज आहे का, हे आधी तपासा असंच मानक सांगतं. एखाद्या रेकॉर्डवर एकदाच सही राहिली असेल, तर करेक्शन पुरेसं आहे. अशा किरकोळ गोष्टींनाही कारणं मागत बसलं, तर लोक रकाना भरण्यापुरती कारणं रचू लागतात.

क्लोजरची सही करण्याआधी ऑडिटरने नवी कार्यपद्धती वाचून समाधान मानू नये. बदलानंतर खरेदी झालेली उपकरणं लाइनवर जाऊन पाहावीत आणि त्यांचे नंबर यादीशी ताडावेत.