उसने अवयव, नवे वजन

सुट्या भागांच्या संचातून (किटमधून) घरी जोडलेल्या किट स्पोर्ट्स कारचा सांगाडा आणि वरचे पत्रे नवे असतात. पण तिचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग आणि कधीकधी मागचा अख्खा ॲक्सल कुठल्यातरी जुन्या, साध्या मोटारीतून काढून बसवलेला असतो. ती मोटार साधारण १००० किलोची होती, तर ही नवी गाडी चालकासह जेमतेम ६०० किलो भरते. पहिल्या काही दिवसांचा आनंद ओसरला की जोडणाऱ्याच्या लक्षात येते की गाडी खड्ड्यावर उसळते, लांब वळणावर आपली वाट धरून राहत नाही आणि ब्रेक दाबला की पुढची चाके फार लवकर अडकतात. यात जोडणीची चूक असेलच असे नाही. प्रत्येक उसना भाग अजून जुन्या वजनाला धरून वागत असतो, आणि त्याला नव्या वजनाशी जुळवून घेणे हेच किट कारमधल्या बहुतेक सुधारणांचे खरे काम आहे.

अशा गाड्यांचा प्रसिद्ध पूर्वज म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन. ती १९५७ साली ब्रिटनमध्ये आली आणि मुख्यतः सुट्या भागांच्या स्वरूपात विकली गेली, कारण तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले. कराचे कारण संपले तरी बारीक नळ्यांचा सांगाडा, उघडी पुढची चाके आणि अत्यंत कमी वजन हा साचा टिकून राहिला.

सुधारणेला हात घालताना पहिला मोह इंजिनाची ताकद वाढवण्याचा होतो. माझ्या मते सुरुवात सांगाड्यापासून व्हावी. गाडीचे चाक स्प्रिंगवर टेकलेले असते हे आपण जाणतो. पण ती स्प्रिंग ज्या सांगाड्याला अडकवलेली आहे, तो स्वतःही पिळला जाणारा एक स्प्रिंगच असतो. वळणावर पुढचा आणि मागचा भाग किती कलावा हे आपण स्प्रिंगा बदलून ठरवू पाहतो, पण मधला सांगाडाच पिळला जात असेल तर पुढे केलेला बदल मागच्या चाकांपर्यंत नीट पोहोचतच नाही.

हा पीळ घरी मोजता येतो. सांगाड्याचा मागचा भाग सस्पेन्शनच्या जागी घट्ट जखडायचा, पुढचा भाग मधोमध एका टेकूवर ठेवायचा आणि पुढे आडवी भक्कम तुळई बांधून मध्यापासून १ मीटर अंतरावर ५० किलोचे वजन टांगायचे. त्यामुळे सुमारे ४९० न्यूटन-मीटरचे पिळणारे बल मिळते. मध्यापासून अर्ध्या मीटरवर लावलेल्या डायल गेजचा (सूक्ष्म सरक मोजणाऱ्या तबकडीचा) काटा २.२ मिलिमीटर सरकला, तर सांगाडा पाव अंशाने पिळला गेला, म्हणजे त्याचा ताठपणा अंशाला सुमारे २००० न्यूटन-मीटर आहे. आजच्या बंद छपराच्या मोटारींचा ताठपणा याच्या कितीतरी पट असतो, कारण बंद पेटी पिळायला अवघड आणि उघडी पेटी सोपी. बुटाच्या खोक्याचे झाकण काढून ते खोके दोन्ही हातांनी पिळून पाहिले की उघड्या गाडीची अडचण हातालाच कळते.

यावर जाड नळ्या घालणे हा उपाय सहज सुचतो, पण तो महाग पडतो. पैशाने नव्हे, वजनाने. चार नळ्यांचा चौकोन कोपऱ्यांतल्या वेल्डिंगच्या भरवशावर उभा असतो आणि बल आले की तिरपा होऊ पाहतो. त्यात एक कर्ण बसवला की दोन त्रिकोण तयार होतात, आणि मग चौकोन तिरपा व्हायचा तर कर्णाला ताणले किंवा दाबले जावे लागते. पोलादी नळी वाकवण्यापेक्षा ताणणे फारच कठीण असते. म्हणून २५ मिलिमीटर चौरस आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या नळीचा एक योग्य जागी टाकलेला तिरका तुकडा, सगळ्या नळ्या जाड करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. इंजिनाभोवतीचे चौकोन बहुधा एक्झॉस्टसाठी मोकळे सोडलेले असतात, आणि सांगाड्याची कमजोरी बहुतेक वेळा तिथेच सापडते. जिथे कर्ण बसतच नाही तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट आणि चिकटद्रव्य दोन्ही वापरून पक्का केला, तर तो कर्णाचेच काम करतो. गिअरबॉक्सवरचा बोगदा वरून आणि खालून बंद केला की गाडीच्या मधोमध एक बंद पेटी तयार होते, तिचाही मोठा आधार मिळतो.

सांगाडा ताठ झाल्यावर स्प्रिंगांकडे वळावे. गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वरखाली झुलते हे स्प्रिंगचा ताठपणा आणि तिच्यावरचे वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. त्यामुळे तीच स्प्रिंग ठेवून वजन निम्मे केले की झुलण्याचा वेग सुमारे १.४ पट होतो, आणि गाडी उसळते ती यामुळेच. शिवाय स्प्रिंग तिरकी आणि चाकापासून आत बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर ती ६ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकाला तिचा ताठपणा ०.६ च्या वर्गाइतका, म्हणजे फक्त ०.३६ पट जाणवतो. मिलिमीटरला ३५ न्यूटनची स्प्रिंग अशा वेळी चाकापाशी १२.६ न्यूटनचीच ठरते. त्या चाकावर स्प्रिंगने तोललेले वजन १२० किलो धरले तर सेकंदाला सुमारे १.६ आंदोलने येतात, आणि रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला ती शोभतात.

यानंतरचे काम मला सर्वांत समाधानाचे वाटते. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा, चालकाच्या जागी त्याच्याच वजनाची पोती ठेवायची, टायरमधली हवा नेमकी करायची आणि चारही आकडे लिहून घ्यायचे. समजा पुढे डावीकडे १३० आणि उजवीकडे १६२ किलो, तर मागे डावीकडे १७४ आणि उजवीकडे १५४ किलो आले. एकूण ६२० किलोंपैकी एका कर्णावर (पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक) ३३६ आणि दुसऱ्यावर २८४ किलो आहेत. एक पाय तोकडा असलेल्या टेबलासारखी ही गाडी दोन कोपऱ्यांवर जास्त टेकली आहे, आणि त्यामुळे ती डावीकडे एक आणि उजवीकडे दुसऱ्याच पद्धतीने वळते. पुढच्या डाव्या स्प्रिंगची खालची बैठक थोडी वर फिरवली की त्या चाकावरचा आणि त्याच्या कर्णावरच्या मागच्या उजव्या चाकावरचा भार वाढतो, तर उरलेल्या दोन चाकांवरचा तितकाच घटतो. प्रत्येकी १३ किलो सरकले की आकडे १४३, १४९, १६१ आणि १६७ होतात आणि दोन्ही कर्ण ३१० किलोंवर येतात. डाव्या बाजूची बेरीज मात्र आधीही ३०४ होती आणि आताही ३०४ आहे. पाना फिरवून फक्त कर्णांतला फरक घालवता येतो. डावे-उजवे किंवा पुढचे-मागचे वजन बदलायचे तर बॅटरीसारखी जड वस्तूच उचलून दुसरीकडे न्यावी लागते.

ब्रेकचेही असेच आहे. ब्रेक लावल्यावर मागचा भार पुढे सरकतो, आणि किती सरकतो हे वजन, मंदावण्याचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला दोन ॲक्सलमधल्या अंतराने भागून मिळते. जुनी मोटार पुढे जड आणि उंच असते, त्यामुळे जोरात ब्रेक मारताना तिच्या मागच्या चाकांवर एकूण भाराचा जेमतेम चतुर्थांश उरतो. बुटक्या आणि समतोल किट कारमध्ये तो एक तृतीयांशाच्या जवळ राहतो. म्हणजे जुने ब्रेक जसेच्या तसे बसवले तर मागची चाके त्यांच्या वाट्याचे काम करतच नाहीत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाच्या दाबात बदलणारे) आणि त्यांच्यामध्ये पेडलचा जोर वाटून देणारा समतोल दांडा बसवून हा वाटा बदलता येतो. सिलिंडरचा व्यास १९ ऐवजी १६ मिलिमीटर घेतला तर पायाच्या तेवढ्याच जोराला दाब १.४ पट मिळतो, पण पेडल जास्त खाली जाते. मात्र मागची चाके पुढच्यांच्या आधी कधीच अडकता कामा नयेत, कारण तसे झाले की गाडी गिरकी घेते.

इंजिनाचा विचार येतो तो यानंतर, आणि तिथेही आधी तेलाकडे पाहावे. गाडी चांगल्या टायरवर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराने वळू लागली की इंजिनाखालच्या तळपात्रातल्या तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. बॉनेट बुटके ठेवण्यासाठी ते पात्र बहुधा कापून उथळ केलेले असते, त्यामुळे तेल एका बाजूला चढते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंगे काही क्षणांत खराब होऊ शकतात. पात्रात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांचे आडोसे घातले की तेल तोंडाजवळ टिकते. त्याआधी शक्ती वाढवली तर हे संकट फक्त लवकर येते. आणि मोठे इंजिन बसवायचेच ठरले, तर त्याच्या वाढीव ३०-४० किलोंपैकी बहुतेक भार पुढच्या दोन वजनकाट्यांवर दिसेल, म्हणून पुढच्या स्प्रिंगा, ब्रेकचा वाटा आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजावे लागतील.