एलएसडी, बीएमडब्ल्यू ई३० : जुना नग ओळखणे व पारखणे

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, बोलताना नुसते एलएसडी. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले की दुसऱ्याचाही जोर जातो. एलएसडीतल्या क्लच-प्लेटा (एकमेकींना घासून धरणाऱ्या चकत्या) तो काही प्रमाणात टिकवतात. बीएमडब्ल्यूच्या ई३० मालिकेत (१९८२–९४) एम३ला एलएसडी मुळातच असे, ३२५आयला जादा पैसे मोजून घ्यावे लागे. म्हणून जुन्या बाजारात त्याला भाव आहे, आणि भाव आहे तिथे बनवाबनवीही आहे.

मूळ नगाचा लॉक २५ टक्के. म्हणजे एकूण टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) १०० भागांपैकी ६२.५ एका चाकाला आणि ३७.५ दुसऱ्याला, इतपत तफावत तो पेलतो.

मागच्या कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘एस ३.७३’ असे काही दिसले तर ‘एस’ हा ‘श्पेर’ म्हणजे लॉक या अर्थाच्या जर्मन शब्दातला, आणि आकडा आतल्या दोन गिअरांच्या दात्यांच्या गुणोत्तराचा. पण एक बोल्ट सोडला की पट्टी दुसऱ्या नगावर जाते! तिच्यावर विसंबून पैसे देऊ नयेत. कव्हर उघडून दाते मोजावेत: क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) ४१ आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्याचे) ११ भरले तर ३.७३, ४१ला १० असतील तर ४.१०. आकारही पाहावा, ३२५आय व एम३ची क्राऊन १८८ मिमीची, ३१८आयची १६८.

नग बाकावर ठेवून एका बाजूची फ्लँज (चाकाकडे जाणारा दांडा जोडायची चकती) हाताने फिरवावी. दुसरी उलट फिरली तर बहुधा साधे डिफरन्शियल. दोन्ही एकाच दिशेने फिरल्या तर एलएसडी. किंवा कुणी ड्रिफ्टिंगसाठी (गाडी मुद्दाम घसरवत वळवण्यासाठी) आतले गिअर वेल्ड केलेले. ही शंका फेडायला पिनियनची फ्लँज घट्ट अडकवून एका बाजूला टॉर्क रेंच (लागलेला जोर दाखवणारा पाना) लावतात. चांगला एलएसडी ठरावीक जोरापर्यंत अडतो आणि मग एकसारखा सरकतो. वेल्ड केलेला हलतच नाही. प्लेटा झिजलेला नुसत्या हातानेही फिरतो, म्हणजे पहिल्या चाचणीत तो साधा वाटू शकतो.

प्लेटांची झीज हा मात्र दुरुस्त होणारा दोष. त्या बदलता येतात. क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर खड्डे पडले असतील, किंवा तेलात बोटाला टोचेल असा धातूचा तुकडा आला, तर नग सोडून द्यावा. बाजूच्या सीलमधून तेल झिरपणे किरकोळ.

ई२८ या बीएमडब्ल्यूच्याच दुसऱ्या मालिकेतला १८८ मिमीचा एलएसडीही ई३०ला चालतो, फक्त ई३०चे मागचे कव्हर त्यावर चढवावे लागते, कारण दोन्ही गाड्यांत डिफरन्शियल टांगायची जागा वेगळी आहे.