फ्लॅश उडाला, फोटो काळा

नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यापासून माळ्यांवरून काय काय खाली उतरतंय! परवा ओळखीच्या एका घरात ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ निघाला. अमेरिकेत १९४७ साली बाजारात आलेला, दोन भिंगांचा कॅमेरा: डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी एकाच वेळी दोन चित्रं टिपणारा. लगेच कुणीतरी बजावलं, याला आजचा फ्लॅश लावू नका, जळेल.

खरं तर उलट आहे. काही जुन्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्याकडून इशारा घेणाऱ्या जोडणीवर, दोनशेच्या वर व्होल्ट असतात. ते नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बाधू शकतात. आजच्या बहुतेक फ्लॅशचे असतात पाच-सहा. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात तर धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, एवढंच. जळणार काय? अडचण असते ती वेळेची.

त्या काळी फ्लॅश म्हणजे एकदाच वापरायचा बल्ब. आत ऑक्सिजन आणि धातूच्या बारीक तारांचा गुंता. वीज मिळाली की तो पेटतो, पण भर उजेड यायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. म्हणून ‘एम’ या सोयीत कॅमेरा आधी बल्बला इशारा देतो आणि शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, तेवढ्या वेळाने उघडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमध्ये कपॅसिटरमधला विजेचा साठा झेनॉनच्या नळीतून एका दमात वाहतो. सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदात आटोपतो. तो ‘एम’वर लावलात तर शटर उघडायच्या आधीच उजेड संपलेला! त्याला ‘एक्स’ लागतं, म्हणजे शटर पूर्ण उघडल्यावर इशारा. कॅमेऱ्यावर ही अक्षरं नसतील तर तपासणी सोपी आहे. फिल्म न घालता मागचं झाकण उघडा, भिंगातलं उजेडाचं छिद्र (अपर्चर) पूर्ण मोठं करा, फ्लॅश जोडून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि मागून बघत बटण दाबा. भिंगात पूर्ण लख्ख गोल दिसला तर जमलं. दोन्ही भिंगांतून बघा. एक शटर किंचित मागे राहत असेल तर एका डोळ्याचं चित्र काळं येईल. दोन्ही वेळेवर उघडत असतील तर मात्र फ्लॅशसारखा मित्र नाही: डावं-उजवं चित्र नेमक्या एकाच क्षणाचं मिळतं.

फ्लॅश उडतच नसेल तर आधी त्या पट्ट्या पुसा. गंजाच्या पापुद्र्यातून पाच व्होल्ट सहज जात नाहीत.

फ्लॅशच्या फोटोतले पांढरे गोळे ‘आत्मे’ म्हणून फिरतात, त्यांचाही निकाल हा कॅमेरा लावतो. भिंगांमधलं अंतर ७० मिमी, नाभीय अंतर (ढोबळमानाने भिंगापासून फिल्मपर्यंतचं) ३५ मिमी. वस्तूच्या प्रतिमेचा दोन चित्रांतला फरक म्हणजे या दोहोंचा गुणाकार भागिले वस्तूचं अंतर. दोन मीटरवरच्या माणसासाठी सव्वा मिमी. भिंगापुढे १० सेंटिमीटरवर तरंगणाऱ्या धुळीच्या कणासाठी साडेचोवीस मिमी, आणि फिल्मवरची चौकटच जेमतेम २३ मिमी रुंद! म्हणजे आत्मा एकाच डोळ्याला दिसतो. धूळ आहे ती.

स्टिरिओ चित्रात नजर जवळून दूर फिरते, म्हणून सगळंच स्पष्ट हवं आणि त्यासाठी छिद्र लहान हवं. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) भागिले अंतर, की छिद्राचा आकडा मिळतो: आयएसओ १०० ला (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) २८ नंबरचा फ्लॅश आणि साडेतीन मीटरवर माणूस असेल तर एफ/८. अंतर मीटरमध्येच मोजा. जुन्या कॅमेऱ्यांच्या चकतीवर बऱ्याचदा फूट असतात.