टाकीत जन्मलेला मासा आणि टाकीत वाढलेला मासा

बेळगावात खाऱ्या पाण्यातला शोभेचा मासा घ्यायला गेलात आणि तो कुठला म्हणून विचारलेत, की बहुधा एकच उत्तर मिळते, "टाकीतलाच हाय की ओ." चोर्ला घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा या गावात ते सहज पटते, कारण इथला प्रत्येक खारा मासा टाकीतच असतो आणि त्याचे पाणीसुद्धा आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम तयार मीठ कालवून केलेले असते. मात्र 'टाकीतला' या शब्दाआड दोन निराळे मासे दडलेले असतात. एक टाकीत घातलेल्या अंड्यातून जन्मलेला, तर दुसरा समुद्रात जन्मलेला, लहानपणी पकडून टाकीत वाढवलेला. पहिल्याला 'टँक ब्रेड' आणि दुसऱ्याला 'टँक रेज्ड' म्हणतात. गिऱ्हाईक दोन्ही शब्द एकच समजते आणि दुकानदारही ते दुरुस्त करण्याच्या फंदात पडत नाही.

शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडणाऱ्यांना हा भेद लवकर कळेल. एकेकाळी हे मत्स्यबीज पुराच्या दिवसांत नदीतून गोळा करावे लागे, म्हणजे मासा तळ्यात वाढला तरी जन्माने तो नदीचाच असे. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि पुढे बिजासाठी नदीवर अवलंबून राहण्याची गरज कमी होत गेली. शोभेच्या सागरी माशांत हे दोन्ही काळ आजही शेजारशेजारच्या टाक्यांत नांदत आहेत.

सगळी मेख अंड्यात नसून अंड्यातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आहे. टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांकडे क्लाउनफिश या पांढऱ्या पट्ट्यांच्या सागरी माशाच्या जोडीने मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला अंडी घातली होती. पहिल्या दिवशी ती नारिंगी होती. आठवड्याभराने प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागले. नर सतत परांनी पाणी हलवत होता आणि खराब झालेले अंडे तोंडाने उचलून बाजूला करत होता. एका रात्री दिवे मालवल्यावर पिल्ले बाहेर आली आणि विजेरीच्या उजेडाकडे झेपावली. आमची तयारी मात्र अपुरी पडली. या पिल्लांना सुरुवातीला रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव खायला लागतो, तोही हिरव्या शेवाळावर पोसलेला आणि चोवीस तास पाण्यात पुरेसा असलेला. आमचे रोटिफर संपले आणि तिसऱ्या दिवशी टाकीत एकही पिल्लू उरले नाही. म्हणून 'माझ्याकडे माशांनी अंडी घातली' आणि 'माझ्याकडे माशांची पैदास झाली' या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

तरीही क्लाउनफिश हा सोप्यांतलाच म्हणायचा. त्याची अंडी दगडाला चिकटून राहतात, पिल्लू जन्मतः पोहते आणि खाते. कारवारला ज्या संस्थेचे एक केंद्र आहे, त्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात केव्हाच बसवले आहे. ब्लू टँग या निळ्या सागरी माशाची गोष्ट वेगळी. त्याची मिलिमीटरपेक्षाही लहान अंडी पाण्यात मोकळी तरंगतात, त्यांतून निघालेल्या पिल्लाला आधी तोंडच उघडलेले नसते आणि ते उघडल्यावर रोटिफरही त्याला मोठा पडतो. कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवाची अगदी बारीक पिल्ले लागतात. टाकीत जन्मलेला ब्लू टँग मोठा करण्यात प्रथम यश आले ते २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे स्वस्तातला ब्लू टँग कोणी 'टाकीतला' म्हणून देऊ लागला, तर तो प्रवाळावरून आलेला आहे असेच मी धरतो.

दुसऱ्या, म्हणजे 'टँक रेज्ड' प्रकाराला सरसकट नावे ठेवणेही योग्य नाही. काही ठिकाणी, विशेषतः फ्रेंच पॉलिनेशियात, रात्री समुद्रातून प्रवाळाकडे येणारी पिल्ले जाळ्याने किंवा प्रकाशसापळ्याने पकडतात. प्रवाळावर पोहोचल्यावर त्यांतली बहुसंख्य पहिल्या काही दिवसांतच भक्ष्य होणार असतात, म्हणून पूर्ण वाढलेले मासे उचलण्यापेक्षा यात हानी कमी. पण प्रवाळावरचा लहान मासा धरायचा, चार आठवडे गोळ्या खायला शिकवायचा आणि मग त्यालाही 'टँक रेज्ड' हेच नाव द्यायचे, हा प्रकार निराळा, आणि लेबलावरून तो ओळखता येत नाही.

ओळखण्याची खूण कोणती? दुकानात मासा गोळ्या खाऊन दाखवतो म्हणजे तो इथेच जन्मला, असे समजू नये. वाढवलेला मासाही गोळ्या खातो. एका घाण्यातली सारख्या मापाची पिल्ले आणि क्लाउनफिशच्या अंगावरचे तुटके, वाकडे पांढरे पट्टे ही हॅचरीची, म्हणजे पैदास केंद्राची, चिन्हे असू शकतात, पुरावा नव्हे. विचारायचेच असेल तर 'टाकीतला का?' असे न विचारता 'अंडी कुठे घातली होती?' असे विचारावे. मागच्या महिन्यात मी तसे विचारले, तेव्हा दुकानदाराने हसून मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि तिकडूनही उत्तर आले, "टाकीतलाच आहे."