न्यू जर्सीत जुन्या घराचं साइडिंग बदलताना: परमिट कुठे लागतं आणि कोणते कागद हातात हवेत

एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनी इथल्या जुन्या वस्त्यांत १९५० आणि ६० च्या दशकांतली केप कॉड, रँच आणि स्प्लिट लेव्हल घरं अजून भरपूर आहेत, आणि त्यांत आपली मराठी कुटुंबंही राहतात. घर घेतल्यावर कधी ना कधी साइडिंगचा, म्हणजे बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या पट्ट्यांच्या आवरणाचा, विषय निघतोच. पट्ट्या उन्हाने तडकलेल्या असतात, एखादी वादळात सुटून लोंबत असते, खिडकीखालच्या कोपऱ्यात ओल दिसते. मग पहिला प्रश्न येतो: टाउनशिपकडून परमिट काढावं लागेल का?

एका किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरासाठी उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याच्या बांधकाम नियमावलीत बदल झाला. तेव्हापासून अशा घराचं साइडिंग बदलणं 'साधी देखभाल' या सदरात मोडतं. त्यासाठी परमिट नको, तपासणीही नको. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या साइडिंगला मात्र ही सूट नाही, कारण त्याचा आगीचा धोका वेगळा आहे. व्हायनिल हेही प्लास्टिकच, ते आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखे वाटू शकतात, म्हणून मालाचं नाव कोटेशनमध्ये लिहून घ्या. टाउनहाऊस किंवा काँडो असेल तर ही सूट आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नका. बांधकाम कार्यालयाला फोन करून विचारा आणि तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनची लेखी मंजुरी आधी घ्या. रंग आणि पट्टीची रुंदीसुद्धा तिथे ठरलेली असते. घर ऐतिहासिक वस्तीत येत असेल तर तिथल्या समितीची संमती लागू शकते. परमिट नको म्हणून ती संमतीही नको, असं होत नाही.

परमिट नाही याचा दुसरा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या भिंतीत काय झाकलं गेलं हे बघायला सरकारी इन्स्पेक्टर येणार नाही. ती जबाबदारी तुमच्यावर येते. त्यामुळे खालचे कागद मला परमिटपेक्षाही महत्त्वाचे वाटतात.

जुनं साइडिंग उतरवल्यावर आतलं लाकूड कुजलेलं निघालं आणि स्टड (भिंतीतले उभे लाकडी खांब) किंवा भार पेलणारा भाग बदलावा लागला, तर ते काम साध्या देखभालीत बसत नाही. तिथे परमिट लागतं. अर्जाची मुख्य फाइल आणि त्यासोबत बिल्डिंगचा तांत्रिक भाग, म्हणजे एफ-११० हा फॉर्म, भरावा लागतो. पूर्ण अर्जावर कार्यालयाने २० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. विजेचा मीटर किंवा बाहेरून येणारी मुख्य केबल हलवायची असेल तर ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, आणि त्याचं परमिट वेगळं.

१९७८ च्या आधीचं घर

निवासी वापरासाठीच्या शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात बाहेरचा रंगवलेला भाग २० चौरस फुटांहून जास्त काढला किंवा खरवडला जाणार असेल, तर केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०१० पासूनचा नियम लागू होतो. पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपनीकडे ईपीएचं प्रमाणपत्र हवं आणि कामावर प्रशिक्षित रिनोव्हेटर हवा. काम सुरू होण्याआधी त्यांनी तुम्हाला शिशाबद्दलची ईपीएची माहितीपुस्तिका द्यायची असते, आणि तुमची पोच घ्यायची असते. ती पोच मागितलीच नाही, तर ही कंपनी नियम पाळत नाही असं समजा.

प्रत्यक्षात काय दिसायला हवं? भिंतीपासून किमान १० फूट जमीन प्लास्टिकने झाकलेली. २० फुटांच्या आतली दारं-खिडक्या बंद. कचरा पिशवीत बांधलेला, आणि काम संपल्यावर जमिनीवर रंगाचा एकही तुकडा नाही. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर यात तडजोड करू नका. शिशाची धूळ अंगणातल्या मातीत उतरते आणि लहान मुलं तीच माती हाताला लावून हात तोंडात घालतात. स्वतःच्या राहत्या घराचं काम स्वतः करणाऱ्याला हा नियम लागू नाही. धूळ मात्र तीच असते.

राखाडी किंवा पांढरट, ठिसूळ, सिमेंटसारखे तुकडे, खालची कड नागमोडी आणि तिथेच खिळ्यांची भोकं, असं जुनं साइडिंग दिसलं तर ते अॅस्बेस्टॉस सिमेंट असू शकतं. प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ते फोडू, कापू किंवा घासू नका. काढायचं असेल तर पाणी मारून, अख्खं उतरवायचं. न्यू जर्सीत हा कचरा २७ क्रमांकाच्या प्रकारात मोडतो आणि तो स्वीकारणाऱ्या लँडफिलवरच जातो, घरासमोरच्या साध्या डंपस्टरमध्ये नाही. विल्हेवाटीचा खर्च आणि पावती दोन्ही करारात आधीच लिहून घ्या.

काँट्रॅक्टरचे कागद

राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे घरदुरुस्तीच्या काँट्रॅक्टरची नोंदणी लागते. तो क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो आणि विभागाच्या साइटवर पडताळता येतो. विमा प्रत्येक घटनेमागे किमान ५ लाख डॉलरचा हवा. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि विमा कंपनीला फोन करून तो चालू आहे का ते स्वतः विचारा. कोणी ओळखीचा आहे, आपल्याच माणसाने सुचवलाय, म्हणून हे टाळू नका.

५०० डॉलरवरचं काम असेल तर करार लेखीच हवा. त्यात एकूण रक्कम, कामाचं वर्णन, मालाचा ब्रँड, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असावी. कराराची प्रत मिळाल्यानंतर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तुम्ही तो रद्द करू शकता. 'आजच सही करा, उद्या भाव वाढेल' असं म्हणणाऱ्याला घाबरू नका.

करारात दोन ओळी मी आवर्जून घालायला सांगेन. पहिली: साइडिंग लावण्याआधी हाउसरॅप (भिंतीवर गुंडाळायचं पाणीरोधक आवरण) आणि खिडक्यांभोवतीचं फ्लॅशिंग (सांध्यांतून पाणी आत जाऊ न देणाऱ्या पट्ट्या) यांचे चारही बाजूंचे फोटो मालकाला द्यायचे. दुसरी: कुजलेलं शीदिंग (साइडिंगच्या आतलं, स्टडवर ठोकलेलं लाकडी आवरण) निघालं तर ते बदलायला दर शीटमागे किती पैसे. भांडणं बहुतेक इथेच होतात.

व्हायनिल लावताना स्वतः जाऊन एक खिळा बघा. तो भोकाच्या मध्यभागी हवा आणि पूर्ण ठोकलेला नको. पट्टी बोटाने डावी-उजवीकडे थोडी सरकायला हवी. उन्हात व्हायनिल वाढतं, थंडीत आकसतं. घट्ट ठोकलं तर पहिल्याच उन्हाळ्यात पट्ट्या लाटांसारख्या फुगतात.

पैसे आणि कर

काम पूर्ण होण्याआधी शेवटचा हप्ता मागण्याचा काँट्रॅक्टरला अधिकार नाही. परमिट लागलं असेल तर तपासणीच्या प्रमाणपत्रांच्या प्रतीही तेव्हाच घ्या.

संपूर्ण नवं साइडिंग ही घरातली भांडवली सुधारणा धरली जाते. एसटी-८ हा फॉर्म भरून काँट्रॅक्टरला दिलात की बिलावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागत नाही. दोन-चार पट्ट्या दुरुस्त केल्या तर कर लागतो. हा फॉर्म बरेचजण मागत नाहीत, आणि मोठ्या बिलावर शेकडो डॉलर उगाच जातात. करार, बिलं आणि पैसे भरल्याचे पुरावे घर विकेपर्यंत सांभाळा. ही रक्कम घराच्या मूळ किमतीत मिळवता येते आणि विकताना करपात्र नफा तेवढा कमी होतो.