हेल्मेट ‘घातलं’ म्हणजे नेमकं काय?

दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचं प्रकरण असतं. मध्य, मध्यक, बहुलक काढायचे, आयतालेख काढायचा. सारणी मात्र पुस्तकानंच दिलेली. ती कोणी, कशी भरली, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. मग प्रकल्पाची वेळ आली की मुलं पहिल्याच दिवशी गूगल फॉर्म बनवतात, वर्गाच्याच व्हॉट्सअॅप गटावर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तालेख तयार! माझ्या मते शिक्षकानं फॉर्म बाजूला ठेवायला लावून आधी प्रश्नच घासूनपुसून घ्यावा.

समजा, प्रश्न आहे: आपल्या गावात किती दुचाकीस्वार हेल्मेट घालतात? आपण कोणाला हेल्मेट घालायला लावत नाही, जे दिसतं ते टिपतो. म्हणून हा प्रयोग नव्हे, निरीक्षणात्मक अभ्यास. वरवर सोपा वाटतो. पण डोक्यावर आहे आणि पट्टा लोंबतोय, ते ‘घातलं’ धरायचं का? कोपरात अडकवलेलं? मागे बसलेल्याची नोंद वेगळी करायची का? या प्रश्नांवर वर्गात भांडणं होऊ द्यावीत, खरा धडा तिथेच आहे. व्याख्या ठरली की रंगीत तालीम: दोघांनी एकाच चौकात, एकाच वेळी, एकमेकांचा कागद न पाहता नोंदी करायच्या. त्या जुळल्या नाहीत, तर बहुतेक वेळा व्याख्याच ढिली असते.

मग कुठे आणि कधी उभं राहायचं? सकाळी दहाला ऑफिसची गर्दी, रविवारी संध्याकाळी वेगळीच. शिवाय डोळा भडक गाडीकडे आपोआप वळतो, म्हणून ‘दर पाचवी दुचाकी’ असा नियम हवा. किती नोंदी पुरतील, याचा ढोबळ ठोकताळा सोपा आहे. निवड खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढावी तशी असेल, तर टक्केवारीतली चूक साधारण १ भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ. 100 नोंदींना 10 टक्के इकडेतिकडे, 400 नोंदींना 5. चौपट मेहनत, निम्मी चूक. मात्र एकाच चौकातल्या हजार नोंदीही त्या चौकाबद्दलच बोलतात.

सर्वांत अवघड भाग तुलनेचा. पोलीस उभे असलेल्या चौकात हेल्मेटं जास्त दिसली, म्हणजे ती पोलिसांमुळेच का? पोलीस बहुधा हमरस्त्याच्या चौकात असतात, आणि लांबून येणारा माणूस तसाही हेल्मेट घालून निघतो. मग चौक तोच, वेळ तीच ठेवून पोलीस असलेले आणि नसलेले दिवस ताडून पाहावे लागतात.

अशी तुलना शोधण्यात लंडनचा डॉक्टर जॉन स्नो वाकबगार होता. 1854 मध्ये कॉलऱ्याची साथ होती. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून जात. शेजारच्या दोन घरांत पाणी वेगवेगळ्या कंपनीचं. ‘लॅम्बेथ’नं 1852 मध्ये पाणी उचलण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात नेली होती; ‘साउथवर्क अँड वॉक्सहॉल’ शहराच्या सांडपाण्याची नदीच उपसत होती. श्रीमंत-गरीब दोन्हींकडे सारखेच, फरक फक्त पाण्याचा. स्नो दारोदार फिरला. नळ कुठल्या कंपनीचा, हे घरच्यांना ठाऊक नसेल तर पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून तो क्षार तपासायचा, कारण दोन्ही पाण्यांच्या खारटपणात मोठा फरक होता. ‘कोणाचं पाणी’ हे त्यानं सांगोवांगीवर सोडलं नाही. हिशोब असा: साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या 40,046 घरांत 1,263 मृत्यू, लॅम्बेथच्या 26,107 घरांत 98. दर दहा हजार घरांमागे किती, ते मुलांनाच काढू द्यावं. साधारण 315 आणि 38 हे आकडे स्वतःच्या वहीत उतरले की नुसते मृत्यू मोजणं का पुरत नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

चौकात जाताना सोबत शिक्षक हवेत आणि मुलं फूटपाथवरच हवीत. नोंदतक्त्यात गाडीच्या नंबराचा रकाना नको, मोबाइलवर फोटो तर मुळीच नकोत. हेल्मेट आहे की नाही, एवढ्यासाठी एक उभी रेघ पुरते.