गाठी, फुगवटे आणि पोटातला रक्तस्राव

1866 साली, इंदुरात दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर असताना, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये कुसमाउल आणि मायर या डॉक्टरांनी एका 27 वर्षांच्या शिंप्याचा आजार लिहून काढला. ताप, हातापायांना बधिरपणा, पोटात कळा, लघवी कमी. तो दगावला, शवविच्छेदनात मधल्या आकाराच्या धमन्यांवर जागोजागी गाठी दिसल्या. यावरूनच 'नोडोसा' म्हणजे गाठीचा हे नाव पडलं. आज आपण त्याला पॉलिअर्टेरायटिस नोडोसा म्हणतो.

या रोगात सूज धमनीच्या भिंतीत आरपार जाते. विशेषतः फाटे फुटतात तिथे लवचीक पडदा तुटतो, भिंत पातळ होते आणि 1 ते 5 मिलिमीटरचे फुगवटे येतात. मूत्रपिंड, यकृत, आतडी इथे ते जास्त. बहुतेक फुगवटे फुटत नाहीत. पण एखादा फुटला, तर रक्त मूत्रपिंडाभोवती किंवा पोटाच्या पोकळीत साचतं.

जिवंत रुग्णात हे फुगवटे ओळखणं 1960च्या दशकात, अँजिओग्राफीमुळे जमू लागलं. 1970 मध्ये हिपॅटायटिस बीशी संबंध सापडला. म्हणूनच या रोगात एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी कधी चुकवायची नसते: विषाणू असेल तर अँटिव्हायरल औषध हवं; नुसतं स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लांबवली, तर विषाणू बळावतो. रक्तवाहिन्यांच्या सुजेच्या आजारांची वर्गवारी ठरवणाऱ्या 1994च्या चॅपेल हिल परिषदेने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार यापासून वेगळा काढला. पॉलिअर्टेरायटिसमध्ये एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठी केली जाणारी एक रक्ततपासणी) बहुधा निगेटिव्ह येते, तेव्हा त्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये.

इंदुरात उन्हाळ्यात कुशीत कळ आली की घरचे आधी 'मुतखडा असेल, पाणी पी' म्हणतात, आणि बहुतेक वेळा खरंही असतं. पण महिनाभराचा ताप, घटलेलं वजन, पाऊल लुळं पडणं, नव्याने वाढलेलं ब्लडप्रेशर यांतलं काही सोबत असेल, तर सोनोग्राफीवर थांबू नये. सोनोग्राफीत साचलेलं रक्त दिसतं, फुटलेली धमनी सहसा दिसत नाही. हिमोग्लोबिनही पहिल्या काही तासांत फसवतं: रक्तातल्या लाल पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातं, म्हणून आकडा बरा दिसतो. आधी वाढते ती नाडी.

रुग्ण तग धरून असेल, तर सीटी अँजिओग्राफी, मग जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन धमनीच्या फुटलेल्या फांदीत कॉइल, म्हणजे ती बंद करणारी तारेची गुंडाळी. मूत्रपिंडाच्या धमन्या, आतड्याची, यकृताची, प्रत्येकीत रंगद्रव्य वेगळं सोडून बघावं लागतं. एक फुगवटा बंद केला म्हणजे बाकीचे गेले असं नाही. शिवाय उपचार सुरू झाल्यावरही फुटण्याची भीती काही आठवडे राहते, कारण औषध सूज उतरवतं, झिजलेली भिंत लगेच भरून देत नाही.